फ्रेडरिक डग्लस : गुलामीतून उठलेला संपादक

अमेरिकेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळला जातो. १९२६ साली कार्टर वुडसन या इतिहासकाराने या प्रथेची सुरुवात एका आठवड्याने केली, तेव्हा त्याने दोन जयंत्या डोळ्यांसमोर ठेवल्या होत्या. १२ फेब्रुवारीची अब्राहम लिंकन यांची आणि १४ फेब्रुवारीची फ्रेडरिक डग्लस यांची. लिंकन आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहेत. डग्लस यांचे नाव मात्र मराठी घरांत तेवढे ऐकू येत नाही. एका माणसाने केवळ लेखणी, छापखाना आणि कॅमेरा यांच्या बळावर आपल्या समाजाविषयीचे खोटे चित्र कसे बदलायला घेतले, हे समजून घ्यायचे असेल तर त्यांचे चरित्र वाचायला हवे.

जयंतीची ही तारीखही त्यांची त्यांनीच ठरवलेली होती. आपण कधी जन्मलो हे गुलामाच्या मुलाला सांगणार कोण? मालकाच्या वहीत फेब्रुवारी १८१८ एवढीच नोंद होती आणि ती डग्लस यांना आयुष्यभर पाहायला मिळाली नाही. आई आपल्याला लाडाने व्हॅलेंटाइन म्हणायची एवढे त्यांना आठवत होते. त्यावरून पुढे त्यांनी १४ फेब्रुवारी हा आपला जन्मदिवस मानला.

अक्षरओळख

मेरीलँड राज्याच्या टॅलबट परगण्यात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव फ्रेडरिक बेली. आई हॅरिएट दूरच्या शेतावर राबत असे. दिवसभराचे काम संपल्यावर ती रात्री कित्येक मैल चालत मुलाला भेटायला यायची आणि उजाडायच्या आत परत जायची. अशा भेटी चार-पाचच झाल्या. फ्रेडरिक सात वर्षांचा असताना ती गेली. त्याला वाढवले ते आजीने, बेट्सी बेलीने. वडील गोरे होते असे लोक बोलत, पण कोण ते त्याला कधी खात्रीने कळले नाही.

१८२६ साली त्याला बाल्टिमोर शहरात ह्यू ऑल्ड यांच्या घरी त्यांचा लहान मुलगा सांभाळायला पाठवण्यात आले. मालकीणबाई सोफिया यांनी यापूर्वी कधी गुलाम बाळगला नव्हता. त्यांनी मायेने या पोराला मुळाक्षरे शिकवायला घेतली. नवऱ्याला हे कळताच त्याने शिकवणे बंद पाडले. लिहायला-वाचायला शिकलेला माणूस गुलामीला निकामी होतो, असे त्याचे म्हणणे होते. मुलगा हे ऐकत उभा होता. गुलामी टिकते ती अज्ञानावर, आणि त्यातून सुटायची वाट अक्षरांतून जाते, हे त्याला मालकाच्याच तोंडून कळले.

मग तो चोरून शिकला. रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना घरातली भाकरी द्यायची आणि बदल्यात एकेक शब्द विचारून घ्यायचा. गोदीत सुतार जहाजाच्या कोणत्या बाजूला कोणते लाकूड बसवायचे त्याच्या खुणा अक्षरांनी करत. त्या खुणा पाहून तो अक्षरे गिरवायला लागला. मालकाच्या मुलाच्या जुन्या वह्यांत कोरी राहिलेली जागा हीच त्याची पाटी. बूट पुसून मिळवलेल्या पन्नास सेंटांत बारा-तेराव्या वर्षी त्याने भाषणांचे एक पुस्तक विकत घेतले आणि ते पाठ होईपर्यंत वाचले.

पंधराव्या वर्षी त्याला पुन्हा खेड्यात शेतीवर धाडण्यात आले. पुढच्याच वर्षी एडवर्ड कोव्ही नावाच्या शेतकऱ्याकडे त्याला भाड्याने दिले. हट्टी गुलामांना वठणीवर आणणारा म्हणून कोव्हीची ख्याती होती. सहा महिने चाबकाचे फटके खाल्ल्यावर एका दिवशी या सोळा वर्षांच्या मुलाने कोव्हीचा गळा धरला. जवळजवळ दोन तास झटापट चालली. त्यानंतर कोव्हीने त्याच्यावर पुन्हा हात उचलला नाही.

१८३६ साली पळून जाण्याचा पहिला प्रयत्न फसला आणि तुरुंग पाहावा लागला. त्यानंतर तो पुन्हा बाल्टिमोरला आला आणि गोदीत जहाजाच्या फळ्यांच्या फटी बुजवण्याचे काम शिकला. मजुरी तो मिळवायचा, पैसे मालक घ्यायचा. तिथेच त्याची अ‍ॅना मरे या स्वतंत्र कृष्णवर्णीय तरुणीशी ओळख झाली. पुढच्या बेतासाठी तिने आपली पुंजी मोडली. ३ सप्टेंबर १८३८ रोजी फ्रेडरिक खलाशाच्या वेषात आगगाडीत चढला. खिशात दुसऱ्या एका खलाशाचे उसने कागद होते. त्यांवरचे वर्णन त्याच्याशी जुळतही नव्हते, पण तिकीट तपासनिसाने वरवर नजर टाकली आणि तो पुढे गेला. चोवीस तासांच्या आत तो न्यूयॉर्कला पोहोचला. बारा दिवसांनी दोघांचे लग्न झाले. माग लागू नये म्हणून त्याने नवे आडनाव घेतले : डग्लस.

तुम्ही गुलाम असणे शक्यच नाही

न्यू बेडफर्ड या बंदरात संसार सुरू झाला. गोरे कारागीर सोबत काम करायला तयार नसल्यामुळे अंगातली कारागिरी बाजूला ठेवून डग्लस यांनी लाकडे फोडली, कोळसा वाहिला, जहाजांवर माल चढवला. या हमालीच्या दिवसांत त्यांनी विल्यम लॉइड गॅरिसन यांच्या लिबरेटर या गुलामीविरोधी साप्ताहिकाची वर्गणी भरली आणि प्रत्येक अंक ते अथपासून इतिपर्यंत वाचू लागले. ऑगस्ट १८४१ मध्ये नँटकेट बेटावरच्या सभेत त्यांना बोलायला उभे केले गेले. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. त्या एका भाषणानंतर गुलामीविरोधी संस्थेने त्यांना पगारी वक्ता म्हणून नेमले.

इथून त्यांच्या आयुष्यातली खरी अडचण सुरू होते. त्या काळच्या गोऱ्या अमेरिकेने काळ्या माणसाचे एक चित्र मनाशी पक्के धरले होते. दुकानांत टांगलेल्या व्यंगचित्रांत तो जाड ओठांचा, डोळे वटारलेला, सभ्य लोकांची नक्कल करताना फजीत होणारा प्राणी होता. रंगमंचावर गोरे नट चेहऱ्याला जळक्या बुचाची काजळी फासून त्याची टवाळी करत, आणि हे मिन्स्ट्रेल नावाचे खेळ तुडुंब गर्दीत चालत. काळा माणूस एक तर हसरा मूर्ख, नाही तर भयंकर जनावर. असे मानले म्हणजे त्याला साखळीत ठेवण्यात काही गैर वाटत नसे.

अशा लोकांसमोर डग्लस उभे राहत. उंच, भारदस्त, शुद्ध इंग्रजी बोलणारे. मग श्रोत्यांत कुजबूज सुरू होई, की हा कधी गुलाम नव्हताच. सोबतच्या गोऱ्या सुधारकांनाही काळजी वाटू लागली. त्यांनी सुचवले की फक्त घडलेली हकीकत सांगा, तत्त्वज्ञान आमच्यावर सोडा, बोलण्यात शेतावरच्या गुलामाची थोडी छटा असू द्या. सल्ला देणारे मित्र होते आणि त्यांचा हेतूही चांगला होता, तरी त्यांच्या मनातही तेच जुने चित्र होते. डग्लस यांनी तो सल्ला मानला नाही.

त्यांनी पुस्तक लिहिले. १८४५ साली बॉस्टनमध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. हे आपण स्वतः लिहिले आहे असे मुखपृष्ठावरच छापलेले होते. त्यात मालकांची नावे, गावे, शेते, फटके देणाऱ्या मुकादमांची नावे, सगळे उघड होते. ज्याला शंका असेल त्याने जाऊन तपासावे. चार महिन्यांत सुमारे पाच हजार प्रती खपल्या.

त्यावर एक मजेदार वाद झाला. मेरीलँडच्या त्या भागात राहिलेल्या थॉम्प्सन नावाच्या एका गोऱ्या गृहस्थाने छापील पत्रातून पुस्तक खोटे ठरवले. मी या फ्रेडरिक बेलीला ओळखत होतो, तो अडाणी, साधा गुलाम होता, असे पुस्तक लिहिणे त्याला शक्य नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. डग्लस यांनी त्याचे जाहीर आभार मानले. मी गुलाम होतो की नाही याची साक्ष शोधत होतो, ती माझ्या विरोधकानेच दिली, आणि आता तो अडाणी गुलाम काय लिहू शकतो ते सर्वांसमोर आहे, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता.

हे उत्तर त्यांनी स्कॉटलंडहून पाठवले होते. पुस्तकाने ओळख उघड झाल्यामुळे मालकाची माणसे पकडून नेतील असा धोका होता, म्हणून ते आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये जाऊन राहिले. तिथल्या स्नेह्यांनी दीडशे पौंड जमवून १८४६ च्या अखेरीस कायद्याने त्यांची सुटका विकत घेतली. माणसाची किंमत मोजणे म्हणजे गुलामीला मान्यता देणे, अशी टीका काही सुधारकांनी केली. डग्लस यांनी ती मनावर घेतली नाही. सुटकेचा कागद हातात असल्याशिवाय मायदेशी काम करता येणार नव्हते.

ध्रुवतारा

याच स्नेह्यांनी छापखान्यासाठीही मोठी रक्कम दिली. १८४७ साली परतल्यावर डग्लस यांनी स्वतःचे वृत्तपत्र काढायचे ठरवले. गॅरिसन यांचा याला विरोध होता. गुलामीविरोधी पत्रे आधीच बरीच आहेत, संपादकी करताना व्याख्याने मागे पडतील, असे त्यांना वाटत होते. ज्यांच्या पत्राने आपल्याला घडवले त्या गुरूचा शब्द मोडून डग्लस न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी गेले आणि ३ डिसेंबर १८४७ रोजी नॉर्थ स्टार या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. दक्षिणेतून पळालेले गुलाम रात्री ध्रुवताऱ्याकडे पाहून उत्तरेची दिशा ओळखत, म्हणून हे नाव. संपादकाचे वय होते एकोणतीस.

कृष्णवर्णीयांचे हे पहिले पत्र नव्हे. वीस वर्षांपूर्वी, १८२७ च्या मार्चमध्ये, न्यूयॉर्कमध्ये सॅम्युएल कॉर्निश आणि जॉन रसवर्म या दोन तरुणांनी फ्रीडम्स जर्नल काढले होते. आमच्या वतीने इतरांनी पुष्कळ बोलून झाले, आता आमचे आम्ही बोलू, ही त्यांची भूमिका होती. ते पत्र दोन वर्षांत बंद पडले. त्यानंतरचीही बरीचशी अल्पायुषी ठरली. वर्गणीदार गरीब, जाहिराती नाहीत, आणि ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांतल्या लाखोंना वाचायला शिकवायचीच बंदी.

डग्लस यांचे पत्रही रडतखडतच चालले. वर्षाची वर्गणी दोन डॉलर होती. पहिल्याच वर्षी राहते घर गहाण टाकावे लागले. इंग्लंडहून ज्युलिया ग्रिफिथ्स नावाच्या बाई येऊन राहिल्या आणि त्यांनी हिशेबाची घडी बसवली. मुलगे मोठे झाले तसे छापखान्यात खिळे जुळवायला बसू लागले. काळ्या माणसाचा छापखाना सरोवरात फेकून द्यावा, असे न्यूयॉर्कच्या एका बड्या वृत्तपत्राने सुचवले होते. पण अंक निघत राहिले. १८५१ मध्ये पत्राला संपादकाचेच नाव मिळाले, पुढे ते मासिक झाले, आणि १८६३ पर्यंत, म्हणजे सलग सोळा वर्षे, हा उद्योग चालला.

पत्रात काय असे? लढ्याच्या बातम्या, काँग्रेसमधले वाद, पुस्तकांची परीक्षणे, कविता, आणि रोजच्या आयुष्यातल्या अपमानांचा जाहीर हिशेब. त्यांची नऊ वर्षांची मुलगी रोझेटा रॉचेस्टरच्या एका खासगी शाळेत जात होती. तिथे तिला वेगळ्या खोलीत एकटीला बसवतात हे कळल्यावर वडिलांनी जाब विचारला. मुख्याध्यापिकेने वर्गातल्या मुलींना विचारले, तर त्या रोझेटाला आपल्याजवळ बसवायला तयार. पालकांना विचारले, तर एकानेच नकार दिला, आणि रोझेटाला शाळा सोडावी लागली. तो पालक स्वतः एका वृत्तपत्राचा संपादक होता. डग्लस यांनी त्याला उद्देशून उघड पत्र छापले. पुढे गावातल्या सार्वजनिक शाळांमधला वर्णभेद हटवण्यासाठीही ते लढले आणि १८५७ मध्ये त्या लढ्याला यश आले.

आपल्या जुन्या मालकाला, थॉमस ऑल्डला, त्यांनी १८४८ साली असेच उघड पत्र लिहिले. त्यात आजीला म्हातारपणी वाऱ्यावर सोडल्याचा आरोप होता. पुढे ऑल्डने आजीला घरी आणून सांभाळल्याचे कळले, तेव्हा वर्षभरातच त्यांनी तेही छापले आणि आपले विधान दुरुस्त केले. ज्याने आपल्याला विकत घेतले-विकले, त्याच्याविषयीही खोटे छापायचे नाही. समोरचा आपल्याविषयी खोटे चित्र पसरवतो म्हणून आपणही तसेच करायचे, हा मार्ग त्यांना मान्य नव्हता.

मिन्स्ट्रेल खेळांवर तर त्यांनी आसूडच ओढले. १८४९ मध्ये मात्र एक वेगळाच प्रश्न आला. खरोखरच्या कृष्णवर्णीय नटांची एक मंडळी रॉचेस्टरला आली, पण खेळ तोच, काजळी फासून केलेला. डग्लस तो पाहायला गेले आणि परीक्षण लिहिले. गोऱ्या प्रेक्षकांसमोर काळा माणूस कलावंत म्हणून उभा राहतो, हाच एक फायदा आहे असे त्यांनी मान्य केले. पण पोटासाठी का होईना, आपलीच विटंबना आपण वाढवून दाखवू नये, आपल्या माणसांचे खरे रूप दाखवावे, असेही बजावले. आपल्याच माणसांना हे सांगणे सोपे नव्हते.

कॅमेऱ्यासमोर

शब्दांबरोबर त्यांनी आणखी एक साधन हाती घेतले. १८३९ साली पॅरिसमध्ये डॅगेरोटाइप हा छायाचित्राचा प्रकार जाहीर झाला. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर माणसाची प्रतिमा उमटत असे. काही वर्षांतच तो सामान्य मजुराच्याही आवाक्यात आला. डग्लस यांचा पहिला फोटो सुमारे १८४१ चा, आणि शेवटचे १८९५ मधले. अभ्यासकांनी त्यांची सुमारे १६० वेगवेगळी छायाचित्रे शोधून काढली आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या दुसऱ्या कुठल्याही अमेरिकन माणसाची एवढी छायाचित्रे सापडलेली नाहीत, लिंकन यांचीही नाहीत.

हे हौसेखातर नव्हते. गोरा चित्रकार काळ्या माणसाचा चेहरा काढतो तेव्हा तो समोरच्या माणसाचे चित्र न काढता मनातल्या कल्पनेचे काढतो, अशी त्यांची तक्रार होती आणि ती त्यांनी १८४९ मध्ये छापलीही. एका इंग्रज लेखकाच्या पुस्तकात त्यांचेच चित्र होते. चित्रकाराने ओठांवर जरा जास्तच गोड भाव आणला होता. पळून आलेल्या गुलामाच्या चेहऱ्यावर एवढा गोडवा लोक पाहत नसतात, असा खोचक शेरा त्यांनी मारला. कॅमेरा असा पक्षपात करत नाही, असा त्यांचा विश्वास होता.

त्यांचे फोटो पाहिले की त्यामागची योजना कळते. नीट शिवलेला काळा कोट, पांढरा शर्ट, विंचरलेले केस, करारी नजर. हसू जवळजवळ कुठेच नाही. त्या काळी फोटोसाठी बराच वेळ निश्चल बसावे लागे, म्हणून सगळेच गंभीर दिसत, हे खरे. पण तंत्र सुधारून काम झटपट होऊ लागल्यावरही डग्लस हसले नाहीत. मालकाच्या मर्जीसाठी दात काढणारा आनंदी गुलाम हे चित्र गुलामीच्या समर्थकांना फार प्रिय होते. त्याला पुरावा मिळेल असा एकही चेहरा त्यांना मागे ठेवायचा नव्हता. यादवी युद्धाच्या काळात, बंदुका चालू असताना, त्यांनी छायाचित्रांवर व्याख्याने दिली. पूर्वी राजेरजवाड्यांनाच मिळणारे स्वतःचे चित्र आता मोलकरणीलाही मिळते, आणि स्वतःकडे पाहता येणे हीच सुधारणेची पहिली पायरी आहे, असा त्यांचा विचार होता.

पुढची वर्षे

१८६१ ते १८६५ च्या युद्धात त्यांनी कृष्णवर्णीय तरुणांना सैन्यात भरती होण्याचे आवाहन केले. लुईस आणि चार्ल्स ही त्यांची दोन मुले मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीत दाखल झाली. काळ्या शिपायांना गोऱ्यांपेक्षा कमी पगार मिळतो म्हणून १८६३ मध्ये ते थेट राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना भेटले. १८६५ मध्ये राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती होऊन गुलामी संपली. डग्लस यांनी पुढे वॉशिंग्टनमध्ये आणखी एक वृत्तपत्र चालवले, सरकारी पदे भूषवली, हैतीत अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून काम केले. १८७२ मध्ये रॉचेस्टरचे घर आगीत जळाले आणि त्यात त्यांच्या पत्राच्या जपून ठेवलेल्या फायलीही गेल्या. अ‍ॅना १८८२ मध्ये वारल्या. १८८४ मध्ये त्यांनी हेलन पिट्स या गोऱ्या स्त्रीशी विवाह केला, तेव्हा दोन्हीकडचे नातलग आणि दोन्ही समाज नाराज झाले.

१८९३ चे शिकागोचे जागतिक प्रदर्शन आपल्याला स्वामी विवेकानंदांमुळे माहीत आहे. त्याच प्रदर्शनात वृद्ध डग्लस हैतीच्या दालनाचे प्रमुख होते. त्यांच्या स्वतःच्या देशाने मात्र आपल्या कृष्णवर्णीय नागरिकांच्या कर्तृत्वाला जागा दिली नव्हती. तेव्हा इडा वेल्स या तरुण पत्रकार स्त्रीबरोबर त्यांनी याचा जाब विचारणारी पुस्तिका काढून प्रदर्शनातच वाटली. पंचाहत्तरीतही हत्यार तेच होते, छापलेला कागद. २० फेब्रुवारी १८९५ रोजी स्त्रियांच्या हक्कांसाठीच्या सभेहून घरी आल्यावर त्यांचे निधन झाले.

आपला धागा

महात्मा जोतीराव फुले यांचे गुलामगिरी हे पुस्तक १८७३ सालचे. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते अर्पण केलेले आहे. त्या लढ्यात गोऱ्या सुधारकांइतकाच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, वाटा गुलामीतून स्वतः उठलेल्या डग्लस यांच्यासारख्या माणसांचा होता. वडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला शिकायला गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी परतल्यावर ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक हे पाक्षिक सुरू केले. तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीस होते. नॉर्थ स्टार काढताना डग्लस एकोणतीस वर्षांचे होते. ज्यांच्याविषयी सगळे बोलतात त्यांनी स्वतः बोलायचे, आणि त्यासाठी छापखाना आपल्या हाती हवा, हे दोन खंडांतल्या दोन तरुणांना सारखेच उमगले होते.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेराही आहे आणि छापखानाही. म्हणून घरातल्या मुलामुलींना डग्लस यांचे फोटो जरूर दाखवावेत. अनेक मूळ प्रतिमा अमेरिकेतल्या संग्रहालयांनी सर्वांना पाहण्यासाठी खुल्या ठेवल्या आहेत. फोटो दाखवताना हेही सांगावे, की हा माणूस लिहायला शिकला तो दुसऱ्याच्या वहीतल्या उरलेल्या कोऱ्या जागेत.